लो-बेड घ्यावा की भाड्याने मागवत राहावा?

चाकणचे एक वाचक लिहितात : "माझा मशिनरी भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. एक २१ टनी पोकलेन, एक ८ टनी मिनी पोकलेन आणि एक जेसीबी. जेसीबी स्वतःच्या चाकांवर साइटला जातो, पण पोकलेन हलवायला दर वेळी लो-बेड, म्हणजे मशिन वाहून नेणारा बुटका ट्रेलर, मागवावा लागतो. वर्षाला ७० फेऱ्या होतात. मिनीच्या ४५, सरासरी ८ हजारांची एक. मोठीच्या २५, साडेसोळा हजारांची एक. म्हणजे पावणेआठ लाख नुसते दुसऱ्याच्या खिशात. नवा हॉर्स (लो-बेड ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) आणि लो-बेड मिळून ऑन-रोड ४६ लाखांचं कोटेशन आहे. १० लाख भरायचे, ३६ लाख कर्ज, १० टक्के, ५ वर्षं. मेहुणे म्हणतात, २०१८ ची जुनी जोडी १७ लाखांत मिळतेय, ती घे. वडील म्हणतात, मिनी तरी आपल्या शेतावरच्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावून ने. मशिनच्या जुन्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, बिल्डरांची बिलं दोन-तीन महिने अडकतात. एफडीत १८ लाख आहेत, मुलगी बारावीला आहे. काय करू?"

आधी वडिलांचा पर्याय, कारण तो सगळ्यात स्वस्त दिसतो आणि सगळ्यात महागात पडू शकतो. शेतीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. त्यामागे ८ टनांचं मशिन आणि वर ट्रॉलीचं वजन. सपाट रस्त्यावर तो ओढेलही. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ओढण्याचा प्रश्नच नसतो, मागचं वजन पुढच्याला ढकलत असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. त्यातून शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर धंद्याच्या मालाला लावलात आणि काही झालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न वापराचाच विचारेल. वडिलांना नम्रपणे नाही म्हणा.

आता नवी गाडी. ३६ लाखांवर हप्ता बसतो साडेशहात्तर हजारांचा, वर्षाला ९ लाख १८ हजार. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून महिना ४० हजार धरा, वर्षाला ४ लाख ८० हजार. विमा लाखाच्या आसपास जाईल. २०२२ च्या दरपत्रकात ४० टनांवरच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच ४४,२४२ रुपये आहे. टायरची तरतूद एक लाख, पार्किंग, फिटनेस, कर, ग्रीसिंग-सर्व्हिसिंग मिळून साठ हजार. गाडी गेटबाहेर पडली नाही तरी हे सगळं द्यायचंच, आणि बेरीज होते साडेसोळा लाखांच्या वर. डिझेल वेगळं. फेरीला येऊन-जाऊन शंभर किलोमीटर आणि लिटरला तीनचा अ‍ॅव्हरेज धरला, तर तीन हजारांचं एका फेरीला.

तुम्ही म्हणाल, हप्त्यात मुद्दलही फिटतं, गाडी माझी होते. बरोबर आहे, म्हणून तेही धरून बघू. पाच वर्षांत १० लाख डाउन पेमेंट आणि ४५ लाख ९० हजारांचे हप्ते, एकूण सुमारे ५६ लाख. त्यातून जीएसटीचं क्रेडिट (गाडीवर भरलेला जीएसटी, जो तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वळता होतो) सहा-साडेसहा लाख वजा करा. पाच वर्षांनी जोडी २० लाखांना गेली असं समजून तेही वजा करा. तरी वर्षाला जवळजवळ सहा लाख गाडी खाते. पगार, विमा, टायर वगैरेचे वरचे सात लाख चाळीस हजार धरून तेरा लाखांच्या पुढे. तुमची सरासरी फेरी ११ हजारांची, डिझेल सोडून वाचतात ८ हजार. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला वर्षाला १६५ फेऱ्या हव्यात. कर्ज चालू असताना हप्ते वेळेवर भरायचे, तर दोनशेच्या वर. तुमच्या आहेत ७०.

उरलेल्या शंभर ते एकशे चाळीस फेऱ्या बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून आणाव्या लागतील. तसं झालं की तुम्ही ट्रान्सपोर्टर झालात. रात्री अकराला "रांजणगावला मशिन अडकलंय, पहाटे हवं" असा फोन येणार, ड्रायव्हर गावाला गेला तर दुसरा शोधायचा, पोकलेनची रुंदी नियमातल्या २.६ मीटरपेक्षा जास्त भरते (या वर्गातली मशिनं २.८ मीटरच्या आसपास असतात) म्हणून परवानगीची कटकट. ही सगळी डोकेदुखी आज लो-बेडवाला घेतोय, आणि तुमच्या पावणेआठ लाखांतला मोठा वाटा त्याचाच आहे. तुमच्या पत्रात त्या धंद्याची हौस कुठेच दिसली नाही.

सेल्समनने "जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या" असं सांगितलंच असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण तुमचा जीएसटी नंबर आहे, पोकलेनच्या भाड्यावर तुम्ही १८ टक्के लावता. गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला तेव्हाही मिळालं असतं, आताही मिळेल. मग कपातीने तुमचा खरा खर्च फारसा कमी होत नाही. फक्त सुरुवातीला कमी पैसे अडकतात. एक मात्र लक्षात ठेवा : क्रेडिट घेतलं तर त्या रकमेवर घसारा मागता येत नाही. सीएंना आधीच विचारा.

मेहुण्यांच्या गाडीत हप्ता कमी आहे, पण पोटात काय आहे ते माहीत नाही. ५ लाख भरून १२ लाखांचं कर्ज जुन्या गाडीवर साधारण १४ टक्क्यांनी मिळालं, तर तीन वर्षं ४१ हजारांचा हप्ता. विकणारा नोंदणीकृत नसेल तर जीएसटीचं क्रेडिट नाही. आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षी. तरीही बघायला जाणारच असाल, तर दुपारच्या उन्हात जा आणि गूसनेकखाली (लो-बेडचा हॉर्सला जोडणारा वाकडा भाग) वाकून वेल्डिंग पाहा. पट्टी मारून रंग दिलेला असेल, तर खाली तडा असण्याची शक्यता मोठी. मग रिकामी जोडी वजनकाट्यावर घाला. असल्या दुरुस्त्यांनी लो-बेडचं वजन आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वाढलेलं असतं. जुनं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि पडून राहिलेली ई-चलनं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

वजनाचा मुद्दा नव्या गाडीलाही लागू आहे आणि कोटेशनवर तो नीट लिहिलेला नाही. २०१८ च्या सुधारित अ‍ॅक्सल मर्यादांप्रमाणे हॉर्सचा पुढचा अ‍ॅक्सल ७ टन, मागचा ११.५, ट्रेलरचे दोन अ‍ॅक्सल मिळून २१, बेरीज ३९.५. तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर असेल तर तो भाग २७ आणि बेरीज ४५.५. तुमचं पोकलेन २१, सोबत ब्रेकर (दगड फोडायचं जोडयंत्र) दीड, लो-बेड दहाच्या आसपास, हॉर्स सात-साडेसात. झाले चाळीस. म्हणजे दोन अ‍ॅक्सलचा लो-बेड घेतला तर पहिल्याच फेरीत ओव्हरलोड. कायद्यात त्याला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा. पोकलेनमधला कोणता टन उतरवणार? कधीही घ्याल तेव्हा तीन अ‍ॅक्सलचाच घ्या, आणि हॉर्सही ४५ टनांच्या वर ओढायला मंजूर असलेला.

थोडा जीव मला फक्त एका चौथ्या वाटेत दिसतो. तुमच्या जेसीबी ऑपरेटरकडे हेवी लायसन्स असेल, तर मिनीपुरता रॅम्प लावलेला दोन अ‍ॅक्सलचा जुना ट्रक. ४५ फेऱ्यांत डिझेल सोडून अडीच-पावणेतीन लाख वाचतील. ड्रायव्हरचा वेगळा पगार लागला तर हा हिशेब तिथेच संपतो, आणि ऑपरेटर ट्रकवर असताना जेसीबी उभा राहणार, हेही धरा.

मला खरी काळजी तुमच्या १८ लाखांची आहे. जून ते सप्टेंबर साइट चिखलात असतात, हप्ता मात्र थांबत नाही. चार महिन्यांचा हप्ता आणि पगार मिळून साडेचार लाखांच्या पुढे. १० लाख डाउन पेमेंटला गेले की उरतात ८, आणि त्याच जून-जुलैत मुलीची प्रवेशाची फी येते. वर बिल्डरांची बिलं दोन-तीन महिने अडकतात, असंही तुम्ही लिहिलंय. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद) केली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर देणाऱ्याला तो खर्च पैसे चुकते करेपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. मार्चमध्ये हे आठवण करून देणारं एक साधं पत्र बरंच काम करतं.

तर यंदा गाडी नको. मुलीच्या फीचे ८ लाख वेगळ्या एफडीत टाका, ५ लाख पावसाळ्यासाठी हात न लावता ठेवा. उरलेल्या पाचातून आधी टर्म इन्शुरन्स काढा, तो तुमच्या पत्रात दिसला नाही, आणि मशिनच्या जुन्या कर्जाचे हप्ते तुमच्यामागे घरच्यांवर पडतील. लो-बेडवाल्याशी वर्षाचा दर ठरवा : महिन्याला किमान पाच फेऱ्यांची हमी तुमची, अंतराप्रमाणे तीन स्लॅब, सात दिवसांत पेमेंट. रोख हातात वेळेवर पडणार म्हटल्यावर दहा टक्के सुटायला हरकत नसावी. तेच वर्षाचे पाऊण लाख झाले.

आणि एक वही घाला. आसपासचे मशिनवाले तुमच्याकडे "लो-बेड मिळेल का" म्हणून किती वेळा विचारतात, ते तारखेसकट लिहा. दिवाळी ते मे या काळात महिन्याला पंधरा-सोळा अशा नोंदी झाल्या, तर पुढच्या वर्षी तीन अ‍ॅक्सलचं कोटेशन घेऊन या, आपण पुन्हा बसू.