इंजिन गळतंय, पण नेमकं कुठून?

ट्रकच्या इंजिनातून होणाऱ्या गळतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण त्यातली तपासणीची पद्धत बाकीच्या गळत्यांनाही लागू पडते.

प्रश्न : माझ्या ट्रकला सहा सिलिंडरचं ५.९ लिटर टर्बो डिझेल इंजिन आहे. आठ महिन्यांत मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी ऑइल अडवणारं सील) दोनदा बदललं, दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागला. तरी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या आवरणाच्या) खालच्या भोकातून काळं ऑइल ठिबकतंच आहे. सील डुप्लिकेट निघालं असेल का? (ट्रकमालक, शिरूर)

तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा. ऑइल खरंच त्या सीलमधून येतंय का? आणि येत असेल, तर आतून त्याला कोण ढकलतंय?

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे पाझर इंजिनाच्या कुठल्याही कोपऱ्यात असला, तरी थेंब शेवटी बेल हाउसिंगखालीच दिसतो. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लॅस्टिकने झाकून इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा आणि हवा मारून कोरडं करा. संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, मग बंद करून टॉर्चने खालून वर बघत जा. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली रेघ जिथून सुरू होते, तिथेच गळतीचं मूळ. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, ऑइल फिल्टरचं हेड, ऑइल प्रेशरचा सेन्सर आणि टर्बोची ऑइल परतीची नळी या जागा चुकवू नका. तुमचं इंजिन कमिन्सच्या बी मालिकेचं असेल, तर डिझेल पंपाच्या मागे ब्लॉकला लावलेलं लांब साइड कव्हर आवर्जून पाहा. पंपाआड दडल्यामुळे ते सहसा कुणी पाहत नाही आणि तिथलं ऑइल ब्लॉकच्या कडेने थेट बेल हाउसिंगपर्यंत जातं. थेंबाचा वासही घ्या. गंधकासारखा उग्र वास असेल, तर ते गिअर ऑइल आहे आणि दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा आहे.

पाझर सीलचाच ठरला, तर लगेच ब्रीदरकडे वळा. पिस्टन रिंगच्या फटीतून जळालेला थोडा गॅस इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरणारच. त्याला बाहेर सोडणं हे ब्रीदरचं काम. ब्रीदरची नळी चिखलाने किंवा ऑइलच्या काजळीने तुंबली, की आतला दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर सीलमधून ऑइल बाहेर पडतं. अशा वेळी अस्सल सीलही टिकत नाही. नळी काढून फुंकून पाहा, जाळी डिझेलने धुवा. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर उलटं ठेवा. ते किंचित थरथरलं तर हरकत नाही. उडत असेल किंवा धूर भसाभस येत असेल, तर दाब जास्त आहे.

तरीही लगेच इंजिन उघडायला घेऊ नका, कारण हा दाब एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरमधूनही येतो. त्याच्या रिंग झिजल्या, की दाबाची हवा इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. हवेच्या टाक्या रिकाम्या करून इंजिन सुरू करा आणि टाक्या भरत असताना झाकणापाशी येणारा धूर बघत राहा. टाक्या भरून कॉम्प्रेसर अनलोड झाल्यावर, म्हणजे त्याने हवा दाबणं थांबवल्यावर, धुराचा जोर ठळकपणे उतरला, तर दुरुस्ती कॉम्प्रेसरची करायची आहे. जोर तसाच राहिला तर टर्बो आणि पिस्टन रिंग यांची तपासणी करा.

इतकं करूनही सील बदलावंच लागलं, तर क्रँकवर नखाने चाचपा. नख अडकेल इतकी खाच असेल, तर तिथेच नवं सील बसवणं व्यर्थ आहे. झिजेची बाही, म्हणजे वेअर स्लीव्ह बसवा, किंवा जागा असेल तर सील २-३ मिमी आतबाहेर सरकवून त्याची कड न झिजलेल्या भागावर आणा. आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये सर्रास चुकते. जुन्या रबरी सीलला ऑइल लावून बसवायची सवय असते. पण कमिन्सच्या बी मालिकेत येणारं टेफ्लॉनच्या ओठाचं सील पूर्ण कोरडंच बसवायचं असतं. क्रँकचा पृष्ठभागही पुसून कोरडा हवा आणि किटमधला प्लॅस्टिकचा पायलट (सील क्रँकवर नीट सरकवणारी बाही) वापरायचा. ऑइल किंवा ग्रीस लावलं, तर सील पहिल्या दिवसापासून पाझरू शकतं. दोन वेळा सील फसण्याचं कारण कदाचित इथेच असेल.

प्रश्न : रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि कूलंट कमी होतं. बाहेर कुठेही थेंब नाही. मिस्त्री हेड पॅकिंग बदलायला सांगतात. (चालक-मालक, कराड)

मिस्त्रींचा अंदाज बरोबर असू शकतो, पण हेड उघडण्याआधी अर्ध्या तासाची एक चाचणी करा. अनेक ट्रकमध्ये ब्रेकच्या कॉम्प्रेसरचं हेड इंजिनाच्याच कूलंटने थंड होतं. त्या हेडला तडा गेला किंवा त्याचं छोटं पॅकिंग उडालं, तर दाबाची हवा कूलंटमध्ये शिरते आणि लक्षणं हुबेहूब हेड पॅकिंगसारखी दिसतात. गाडी उभी असताना चाकांना ओट (अडसर) लावा, कॉम्प्रेसरची हवा बाहेर नेणारी नळी सोडा आणि इंजिन आयडलवर चालवून रेडिएटरमध्ये पाहा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर चिकट, रंगीत पाणी आलं, तर शंकाच उरत नाही.

बुडबुडे सुरूच राहिले, तर मग हेड पॅकिंग. ऑइल कूलरही विसरू नका. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून फुटक्या कूलरमधून ऑइल कूलंटमध्ये जातं आणि रेडिएटरमध्ये तवंग दिसतो. बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब काही वेळ टिकतो आणि तेव्हा पाणी ऑइलमध्ये उतरतं. गेजच्या काठीवर दुधाळ थर दिसला, तर गाडी पुढे नेऊ नका. बेअरिंग फार काळ टिकणार नाहीत.

प्रश्न : वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकतं. एमसील लावून ते बंद केलं तर चालेल का? (वाचक, मडगाव)

अजिबात नाही. पंपातलं सील झिजलंय हे सांगण्यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं. ते बुजवलं, तर कूलंट बेअरिंगमध्ये जाईल, बेअरिंग अडकेल, आणि पंखा रेडिएटरवर आदळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पंप बदला, सोबत ओ-रिंगही नवी घ्या. कमिन्सच्या बी मालिकेत या पंपाच्या बोल्टला २४ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो.

प्रश्न : ऑइल टाकलेलं नसताना गेजवरची पातळी वाढतेय. बाहेर गळती काहीच नाही. (गॅरेजचालक, नांदेड)

ही आतली गळती आहे आणि या चारही प्रश्नांत सगळ्यात घातक हीच. कूलंट कमी होत नसेल, तर बहुधा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. टिपकागदावर ऑइलचा एक थेंब टाकून काही तास ठेवा. काळ्या ठिपक्याबाहेर फिकट, तेलकट कडं पसरलं आणि वास डिझेलचा आला, तर संशय पक्का होतो. पातळ ऑइल बेअरिंग खातं, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम धावू शकतं, चावी बंद करूनही. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरचे प्लंजर एका ओळीत असलेला डिझेल पंप) असेल, तर सुरुवात फीड पंपापासून, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापासून करा. त्याची दांडी झिजली, की डिझेल पंपाच्या कॅमबॉक्समध्ये उतरतं आणि तिथून इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळतं. हा पंप दोन-तीन बोल्ट सोडून बाहेर येतो, म्हणून आधी तोच बदलून पाहावा. नंतरच मुख्य पंप टेस्ट बेंचवर पाठवा. जोडताना बांजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर नवेच घ्या. अगदीच नसतील, तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. त्याने तांबं पुन्हा मऊ होतं.

कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल मिळतं) मात्र नळीवर हात फिरवून गळती शोधायची नाही. तिथला दाब १६०० बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची न दिसणारी धार कातडीतून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, आणि कुठलाही नट सोडण्याआधी इंजिन बंद करून किमान १० मिनिटं थांबा. बोटावर सुईच्या टोकाएवढी जखम दिसली, दुखत नसली, तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.