आधी कोर्टात जाऊन बस, मग वकीलपत्र दे

पोरी,

तुझा मेसेज दुपारीच वाचला होता, पण तेव्हा लिहिलं असतं तर तुला शिव्याच पडल्या असत्या, म्हणून आता लिहितेय.

वडिलांच्या जमिनीत आणि घरात हिस्सा मागायचा म्हणून तीन वकिलांची नावं पाठवलीस आणि विचारलंस, काकू यातला चांगला कुठला. एकाचे तू रील बघितलेस, एक मामांच्या ओळखीचा, आणि तिसरा म्हणतो आत्ता फी नको, जमीन मिळाली की त्यातला टक्का द्या. आणि मधेच एक ओळ टाकलीस की नाहीतर हक्कसोडपत्रावर सही करूनच टाकावी का, भाऊ काय परके आहेत का. त्या ओळीवर नंतर येते.

या तिघांपैकी एकाला तरी तू कोर्टात उभं राहिलेलं बघितलंयस का? नाही ना? मग मी काय डोंबल सांगणार. आधी कोर्टात जाऊन बस.

कोर्टाच्या आवारात मी जन्मभर टायपिंग केलं, आधी मशीनवर मग कॉम्प्युटरवर, दावे, कैफियती, मनाई अर्ज, शपथपत्रं सगळं माझ्या हाताखालून गेलं. कागदावर सगळे वकील सारखेच दिसतात गं, कारण जुन्या दाव्यातली नावं आणि गट नंबर बदलून नवा दावा तयार होतो आणि ते बदलणारी मीच असायचे. खरा वकील कळतो तो उलटतपासाला, म्हणजे समोरच्या पार्टीच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना. सरतपास, म्हणजे साक्षीदाराचा आपल्या बाजूनं दिलेला जबाब, तो तर २००२ पासून शपथपत्रावरच येतो, ऑफिसात बसून टाइप केलेला. साक्षीदाराला तोंडानं बोलावं लागतं ते फक्त उलटतपासात, आणि वाटपाचा दावा तिथंच उभा राहतो नाहीतर पडतो. ते बघायला तुला कुणाची ओळख लागत नाही, पास लागत नाही. दिवाणी कोर्ट हे खुलं कोर्ट आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३ बी वाच, जागा असेल तोवर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. हक्क हक्क म्हणतेस ना, मग हा आधी वापर, फुकट आहे.

तुझ्याच केसचं घे. मोहोळची जमीन वडिलोपार्जित, सोलापुरातलं घर वडिलांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही. घरात आई, दोघं भाऊ आणि तू, चौघांचा सारखा हिस्सा, लग्न झालं म्हणून तुझा कमी होत नाही. जमिनीत तू जन्मापासून हिस्सेदार, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं, आणि २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात होते की नव्हते हा प्रश्नच नाही. तलाठ्याकडं वारस नोंदीत तुझं नाव गाळलं म्हणून रडत होतीस, फेरफारानं मालकी जातही नाही आणि येतही नाही. नोंद दुरुस्त करायला टाक, पण त्यापायी झोप घालवू नकोस.

तुझ्या भावांचा वकील काय म्हणणार ते मी आत्ताच सांगते. तो म्हणणार, वाटप २० डिसेंबर २००४ च्या आधीच तोंडी झालं होतं. ही तारीख कायद्यात आहे, त्याच्या आधीच्या वाटपाला दुरुस्तीनं हात लावलेला नाही. नुसत्या तोंडी वाटपावर कोर्टानं सहज विश्वास ठेवायचा नाही, सरकारी कागदाचा आधार पाहिजे, हेही त्याच २०२० च्या निकालात आहे. पण ते साक्षीदाराच्या तोंडून काढायला माणूस लागतो. वाटप झालं तेव्हा कोण कोण बसलं होतं, धाकटा तेव्हा शाळेत कितवीला होता, त्यानंतर उसाचं बिल कुणाच्या खात्यावर यायचं, सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर होतं. असले छोटे छोटे प्रश्न, आणि पाहिजे ते उत्तर आलं की गप बसणं. काही वकिलांना गप बसताच येत नाही, वर एक प्रश्न जास्तीचा विचारतात आणि साक्षीदार मिळालेलं सगळं परत घेऊन जातो. हे रीलमध्ये कसं कळणार तुला? आणि तुझी आत्या अक्कलकोटची, तिला कन्नडच नीट येतं, ती साक्षीला आली तर तिचं बोलणं वकिलाला थेट कळतंय का तेही बघ, सोलापुरात असे वकील पुष्कळ आहेत.

रीलवरून आठवलं, वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे. आणि तो टक्केवारीवाला, निकालावर फी ठरवणं, मिळालेल्या मालमत्तेत वाटा घेणं, हेही नियमात बसत नाही. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो त्याला तू जमिनीचे कागद देणार? फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर, बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. आणि तिथून वकील मिळाला तरी त्यालाही कोर्टात बघ. ते सुटत नाही.

माझं विचारशील तर भावाविरुद्धच्या माझ्या हिश्श्याच्या दाव्यात वकील माझ्या मामांनी ठरवलेला होता. मोठं नाव. तारखेला ज्युनिअर यायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा, आणि भावाच्या उलटतपासाच्या दिवशीही तोच आला, फाईल न वाचता. मी उठून न्यायाधीश साहेबांना हात जोडले, मुदत मागितली आणि वकील बदलला. घरात गहजब झाला, मामा बोलायचे बंद झाले. जुन्या वकिलानं फी बाकी आहे म्हणून फाईल अडवली, तर सक्सेना केसचा सुप्रीम कोर्टाचा २००० चा निकाल, की फीसाठी पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, तो मी माझ्या हातानं टाइप केलेल्या नोटिशीत घातला आणि फाईल आली. लोकांनी हट्टी म्हटलं. म्हणू देत.

माझा भाऊ निकालाआधीच वारला. अजून नातेवाईक सुनावतात, दावा केला नसतास तर शेवटचं बोलणं तरी झालं असतं. कुठलं झालं असतं? सही करत नाही म्हणून त्यानं दाव्याच्या कितीतरी आधीच बोलणं सोडलं होतं, ते कुणी मोजत नाही. मला वाईट वाटतं ते वेगळ्याचं, की तो पिंजऱ्यात उभा होता तेव्हा त्याला घाम फुटलेला आणि मला पाणी देता आलं नाही, कारण मी समोरची पार्टी. पण नव्या वकिलानं त्याला एकदाही खोटारडा म्हटलं नाही, आवाज चढवला नाही, एकेक कागद दाखवत गेला. असला माणूस मी आधी चार लोकांच्या उलटतपासात बघून ठेवला होता. तुझे भाऊ उद्या त्याच पिंजऱ्यात उभे राहणार आहेत, त्यांना कोण प्रश्न विचारणार हे तू ठरवणार आहेस. म्हणून म्हणते बस जाऊन.

आता ती ओळ. प्रेमानं हिस्सा सोडायचा तर सोड, माझी ना नाही, पण माहीत करून सोड. हक्कसोडपत्र रजिस्टर झालं की ते फसवून घेतलं म्हणून रद्द करायला तीन वर्षांत दावा, आणि फसवणूक तू सिद्ध करायची. वाटप मागायला मात्र, तुला हिश्श्यातून बाहेर काढलं हे कळल्यापासून बारा वर्षं आहेत. मग गडबड कुणाला आहे, तुला का त्यांना?

वकील ठरला की त्याला विचार की दावा लावल्यावर लिस पेन्डन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस रजिस्टर करणार ना, म्हणजे मधेच जमीन विकली तरी घेणारा दाव्याला बांधलेला राहतो. याचं उत्तर त्याला पटकन देता आलं पाहिजे. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, मागून घे, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तारीख स्वतः बघ. अपील वर गेलं तरी आता मुंबई नाही, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे आणि सोलापूर त्यातच येतं.

सोमवारी अकराच्या आत दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टाबाहेर जा, दारावर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, लागलेला असतो, त्यात पुराव्याच्या, म्हणजे साक्षीदार तपासायच्या, केसेस कुठल्या ते शिपायाला विचार आणि आत जाऊन बस. मोबाईल सायलेंट कर. आणि भावाला सांग, सही या महिन्यात होत नाही, कारण विचारलं तर काकूनं नको म्हटलंय म्हण, मला येऊ देत फोन.