युद्धकाळातील प्रचार शिकवताना भित्तिपत्रक उलट दिशेने वाचावे

आपण विचारले आहे की, नववीच्या वर्गाला दुसऱ्या महायुद्धातील सरकारी प्रचार आणि त्या काळातील सामान्य नागरिकांचे जीवन शिकवायचे आहे, परंतु भित्तिपत्रके दाखवली की मुले ‘हे सगळे खोटे आहे’ असे म्हणून मोकळी होतात. अशा वेळी पुढे काय करावे? मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत आले आहे आणि माझे उत्तर असे की, खऱ्याखोट्याचा प्रश्न सुरुवातीला बाजूलाच ठेवावा. त्याऐवजी मुलांना विचारावे की लोक असे काय करत होते, किंवा करतील अशी सरकारला कोणती भीती होती, म्हणून हे भित्तिपत्रक छापावे लागले. लोक जे आपणहून करत असतात, ते करण्यासाठी कोणतेही सरकार कागद आणि शाई खर्च करत नाही.

यासाठी ब्रिटनमधील मुलांच्या स्थलांतराचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 1 सप्टेंबर 1939 पासून अवघ्या तीन दिवसांत लंडन आणि इतर मोठ्या शहरांतून सुमारे 15 लाख लोकांना, त्यांत प्रामुख्याने शाळकरी मुलांना आणि लहान मुलांच्या मातांना, खेड्यापाड्यांत हलवण्यात आले. जर्मनीकडून अपेक्षित असलेला बॉम्बवर्षाव मात्र पुढचे कित्येक महिने झालाच नाही. मुले परक्यांच्या घरी राहत होती, त्यांच्या खर्चाचा काही भाग ऐपत असलेल्या पालकांकडून मागितला जात होता, आणि घर रिकामे झालेले. परिणामी जानेवारी 1940 पर्यंत जवळजवळ निम्मे लोक परत आले होते. आता याच सुमारास निघालेले एक भित्तिपत्रक वर्गात लावावे. त्यात गावाकडील झाडाखाली एक आई मुलांजवळ बसली आहे आणि तिच्या मागे धूसर आकृतीच्या रूपातला हिटलर शहराकडे बोट दाखवून ‘त्यांना परत ने’ असे तिच्या कानात कुजबुजतो आहे. खाली आईला बजावले आहे की असे करू नकोस, मुले आहेत तिथेच राहू दे.

निम्मे लोक परतल्याची माहिती आधी न देता हे चित्र दाखवावे आणि त्यावरून मुलांनाच अंदाज बांधू द्यावा. ‘आया मुलांना परत नेत असणार’ इथपर्यंत नववीची मुले सहसा स्वतःच पोहोचतात. त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते खरा धडा तिथेच आहे: हे भित्तिपत्रक खोटे होते का? 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर खरोखरच महिनोन्‌महिने बॉम्ब पडले आणि पुढील मे महिन्यापर्यंत ब्रिटनमध्ये 40 हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. म्हणजे सल्ला योग्य होता. परंतु मुलांच्या ओढीने व्याकूळ झालेल्या आईला शत्रूच्या बोलण्याला भुललेली ठरवणे, हा त्यातील प्रचार होता. खरी माहिती आणि भावनेवर टाकलेला दबाव एकाच चित्रात असू शकतात, हे मुलांच्या लक्षात आले की ‘सगळे खोटे’ हे उत्तर आपोआप अपुरे पडते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि तीही वर्गात सांगावी. भित्तिपत्रकावरून सरकारची भीती कळते, परंतु ती भीती साधार होती की नाही हे त्यावरून कळत नाही. निष्काळजी बोलण्याने जीव जातात, असे बजावणारी फूगास या व्यंगचित्रकाराची 1940 मधील मालिका प्रसिद्ध आहे. त्यांपैकी एका चित्रात गप्पा मारणाऱ्या दोन स्त्रियांच्या मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा हवाई दलप्रमुख गोरिंग बसलेले दिसतात. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये उतरलेले जर्मन हेर जवळजवळ सगळेच पकडले गेले आणि त्यांतील काहींना तर उलट जर्मनीविरुद्धच वापरण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये निराशेचे सूर काढणाऱ्यांना गप्प करण्याची एक मोहीमही सरकारने चालवली. तिच्या काळात लोकांवर खटले भरले गेले, त्यामुळे जनता इतकी चिडली की काही आठवड्यांतच ती मोहीम गुंडाळावी लागली. प्रचार नेहमी यशस्वीच होतो, हा मुलांचा समज दूर करायला हे उदाहरण चांगले आहे.

नागरी जीवनासाठी शिधापत्रिकेइतके चांगले साधन नाही. लोणी, साखर आणि खारवलेले डुकराचे मांस यांवर ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 पासून नियंत्रण आले आणि जुलैमध्ये चहाही त्यात आला: प्रौढ माणसाला आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम. आपल्या घरी आठवड्याला किती चहापत्ती लागते, हे मुलांना मोजून आणायला सांगावे. वर्गात वाद आपोआप सुरू होतो. त्यागाचा वाटा सर्वांना सारखा, असे सरकार सांगत होते. पण हॉटेलात जेवायला कूपन लागत नव्हते, त्यामुळे पैसेवाल्यांना पळवाट होती. तिच्याविषयीच्या नाराजीमुळेच 1942 मध्ये हॉटेलातील जेवणावर 5 शिलिंगांची कमाल मर्यादा घातली गेली. शिवाय युद्धकाळात कधीही न लागलेले पावावरचे नियंत्रण युद्ध संपल्यावर 1946 मध्ये लागले आणि मांसावरचे 1954 मध्ये उठले. विजयाच्या तारखेला धडा संपवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

शांत राहून काम चालू ठेवण्याचा संदेश देणारे, आज कपांवर आणि टी-शर्टांवर दिसणारे ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे लाल भित्तिपत्रक मात्र पुराव्यादाखल वापरू नये. 1939 मध्ये त्याच्या सुमारे 25 लाख प्रती छापल्या गेल्या, परंतु त्या जवळजवळ लावल्याच गेल्या नाहीत. ते लोकप्रिय झाले ते 2000 नंतर, इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची एक प्रत सापडल्यावर.

आपल्याकडचा भाग शिकवताना मी भित्तिपत्रकांपेक्षा मौनाकडे अधिक लक्ष देते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिथला तांदूळ बंद झाला, आणि मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, तरी सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, शेकडो लोक ठार झाले, आसपासची वस्ती जळाली. तरीही सेन्सॉरशिपमुळे सविस्तर वृत्त लगेच बाहेर जाऊ दिले गेले नाही. अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला का असतो, हे यावरून मुलांना कळतेच. त्यासोबत हेही विचारावे की जी घटना सगळ्या शहराने ऐकली, तिची बातमी कोणापासून लपवायची होती? मुले बहुधा ‘जपानपासून’ असे म्हणतील, आणि तेही एक कारण आहेच. मग 1942 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र समोर ठेवावे, म्हणजे सरकारला आपल्याच प्रजेची भीती कितपत होती, याचीही चर्चा होईल.

शेवटी गृहपाठाविषयी. मुलांकडून ‘स्वतःचे युद्धकालीन पोस्टर’ काढून घेण्याची प्रथा मला पटत नाही, कारण त्यातून चांगली घोषणा कशी लिहावी एवढेच शिकले जाते. त्याऐवजी मुलांना ठेवून घेणाऱ्या खेड्यातील यजमान बाईने शहरातल्या आईला लिहिलेले पत्र, आणि मुले परत नेण्याचे ठरवलेल्या त्या आईचे उत्तर, अशी दोन पत्रे लिहायला द्यावीत. उत्तरात भित्तिपत्रकाचा उल्लेख आलाच पाहिजे, एवढी एकच अट घालावी. गुण देताना भाषेपेक्षा हे पाहावे की त्या आईची कारणे 1940 च्या सुरुवातीला तिला ठाऊक असलेल्या गोष्टींवरच आधारलेली आहेत, की पुढे बॉम्ब पडणार हे विद्यार्थ्याने तिला आधीच सांगून टाकले आहे.