आधी त्याचा पहाटेचा रियाज थांबवा

इंदूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत भावगीतांच्या स्पर्धांत बक्षिसं आणायचा. वर्षभरापूर्वी आवाज फुटला. यंदा गणेशोत्सवात त्यानं कॉलनीतल्या पाचवी ते सातवीच्या अठरा मुलांचं समूहगान बसवलं, आणि आता म्हणतो, मला हेच करायचंय, मुलांचा गायकवृंद घडवायचाय. वडील विचारतात: यात पोट भरतं का, कोर्स कोणता, आणि ‘गेलेला आवाज’ परत कसा आणायचा? अकरावीसाठी भंवरकुआँच्या इंजिनिअरिंग कोचिंगमध्ये जागा घेऊन ठेवली आहे, असंही त्यांनी लिहिलंय.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलेली ओळ करिअरची नाही. ‘रोज पहाटे दीड तास काळी पाचमध्येच गाऊन घेतो, म्हणजे आवाज जागेवर येईल,’ असं तुम्ही लिहिता; म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, त्याच्या लहानपणच्या उंच पट्टीत. हे उद्यापासून बंद करा. आवाज कुठेही गेलेला नाही. या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. वाढ चालू असताना स्नायूंना नव्या मापाची सवय झालेली नसते, म्हणून मध्येच आवाज फाटतो, काही सूर लागतच नाहीत. अशा वेळी जुन्या पट्टीत वरचा सूर गाठायचा तर मान ताणून, घसा आवळूनच गाठावा लागतो. ती सवय पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

गाणं पूर्ण बंद करा, असंही मी म्हणत नाही. जिथे घसा न ताणता पाच-सहा सूर मिळतात, तिथे त्याला सा धरू द्या. आज तो पांढरी दोनवर असेल, दोन महिन्यांनी आणखी खाली. पट्टी त्यानं ठरवायची, तुम्ही नाही. पंधरा-वीस मिनिटं हलक्या आवाजात गायला की पुरे. घोगरेपणा तीन-चार आठवडे सलग टिकला किंवा गाताना दुखलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘ज्याचं नाव पत्रिकेवर छापून यायचं, तो आता दुसऱ्यांच्या पोरांसमोर हात हलवतो.’ यात दुःख तुमचं आहे, त्याचं नाही. बक्षिसं थांबल्याचा राग तुम्ही त्याच्या नव्या आवडीवर काढताय, आणि पंधराव्या वर्षी मुलाला ते बरोबर कळतं.

शिवाय हात हलवणं हा या कामाचा सगळ्यांत छोटा भाग आहे. एकट्यानं गाता येत नाही तो कोरस बसवतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात काम तालमीत होतं आणि ते कानाचं आहे. गाणं निवडलं की त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी कागदावर लिहायचा, पट्टी मग ठरवायची. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंतचा टप्पा सोयीचा. बायकांच्या नेहमीच्या काळी चारमध्ये मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प-ला) जाणारं गाणं बसवलं, तर खाली मुलांचा आवाजच निघत नाही. ‘मोठ्यानं म्हणा’ म्हटलं की ती छातीतून ओरडतात आणि सूर चढतो किंवा फाटतो. म्हणून गळा मोकळा करताना ‘ऊ’वर वरून खाली घसरत यायचं, म्हणजे वरचा हलका आवाज खालपर्यंत टिकतो. कच्च्या सुराच्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणणं हा गुन्हा आहे. त्याला दोन पक्क्या सुरांच्या मुलांमध्ये उभं करा. बहुतेकांचा सूर हळूहळू लागतो.

तुमच्या मुलाची एक अडचण मी इथूनच सांगतो. तो आता खालच्या सप्तकात गाऊन दाखवत असणार, आणि काही मुलं तो सूर पकडायला जाऊन खाली गुरगुरत असतील. त्यानं मुलांच्या सप्तकातला सूर पेटीवर द्यावा, किंवा पक्क्या सुराच्या एखाद्या मुलीला आधी गायला सांगावं. पण पेटीवर फार विसंबू नये. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि पेटी वाजत राहिली की कोण बेसूर आहे ते झाकलं जातं.

दोन आवाजांत गाणं हा पुढचा टप्पा. आधी सगळे एका सुरात, मग एका गटानं सा-प धरून ठेवायचा, मग एकच ओळ दोन गटांनी मागे-पुढे सुरू करायची, त्यानंतर स्वतंत्र दुसरी ओळ. घाईत लोक मूळ चालीतल्या प्रत्येक सुराला त्याच्यापासून तिसऱ्या सुराची जोड देतात (सा-वर ग, रे-वर म). भूप रागात असं केलंत तर रिषभावर मध्यम येतो, पंचमावर निषाद, आणि हे दोन्ही सूर भूपाला वर्ज्य, म्हणजे त्या रागात चालत नाहीत. रागाचं गाणं आणि सुरांची जोडणी दोन्ही समजणारी माणसं म्हणूनच मोलाची आहेत. संगीतकार सलील चौधरींनी १९५८मध्ये मुंबईत युवकांचा गायकवृंद उभा केला, एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रासमध्ये केला. शिलाँग चेंबर क्वायर तर २०१०मध्ये टीव्हीवर घरोघरी पोचलं.

पोट भरण्याबद्दल स्पष्ट सांगतो. ‘वृंदगान-संचालक’ अशी पगारी जागा आपल्याकडच्या शहरांत जवळजवळ नाही. नोकरी मिळते ती शाळेतल्या संगीत शिक्षकाची, आणि वृंद त्या नोकरीच्या आत उभा करावा लागतो. केंद्रीय विद्यालयाच्या संगीत शिक्षकाच्या जागेसाठी संगीतातली पदवी लागते. म्हणून बारावी कोणत्याही शाखेतून, मग गायनात पदवी. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर विद्यापीठ आहे, बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. सोबत बी.एड. ठेवा. विशारद चालू असेल तर चालू द्या. इंजिनिअरिंगची वाट तुम्हाला माहीत आहे.

त्याच्याकडे सध्या नाही ते पियानो आणि स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीचं, वाचन. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा-मंडळांची पाचवी ग्रेड बारावीपर्यंत गाठता येते. सरगमवर वाढलेल्या मुलाला यात एक फायदा आहे: संगीत शिकवण्याच्या हंगेरीच्या कोडाय पद्धतीतला ‘दो’ आपल्या सा-सारखाच कुठल्याही पट्टीवर हलतो. पदवीनंतर परदेशी जायचंच झालं, तर हंगेरीतल्या केचकेमेटची कोडाय संस्था नेमकी याच कामासाठी आहे. आत्ता तिथली माहितीपत्रकं मागवू नका.

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत रविवारची पन्नास मिनिटांची एकच तालीम त्याला द्या आणि तिथे जाऊन ‘जरा तू गाऊन दाखव’ म्हणू नका. परीक्षेनंतर सहा महिन्यांचं एक काम द्या: त्या अठरा मुलांनी पेटी आणि तंबोरा बंद ठेवून तीन मिनिटांचं गाणं दोन आवाजांत म्हणायचं, आणि संपल्याबरोबर तंबोरा लावून सा तपासायचा. अर्ध्या सुराहून जास्त उतरला असेल, तर का उतरला ते त्यानं तुम्हाला सांगायचं: पट्टी चुकली, श्वास चुकीच्या जागी घेतला, की मुलं दमली होती? त्याला कारण सांगता आलं, तर कोचिंगची जागा सोडून त्या पैशांत पियानोची शिकवणी लावा. नाही सांगता आलं, पण रविवारी तो आपणहून तालमीला जात असेल, तर आणखी सहा महिने थांबा.