पॅप स्मिअर खराब आलाय, आधी पॉलिसी घेऊ की कॉल्पोस्कोपी करू?

ताई, तुमच्या पॅप स्मिअरमधे (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) एचएसआयएल, म्हणजे पेशींमधे जास्त गंभीर बदल, आलंय, डॉक्टर म्हणतात कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तो भाग नीट बघणं) आणि गरज पडली तर बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं), खर्च नऊ-दहा हजार, पण पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठीच्या एफडीत आहेत जी चार महिन्यांनी सुटणार, आणि एजंट म्हणतोय आधी मेडिक्लेम घ्या, रिपोर्टचं बोलू नका, तपासणी नंतर करा. माझं स्पष्ट मत, तपासणी आत्ताच करा.

एजंटचा सल्ला पैशाच्या हिशोबानेही चुकीचाच आहे. रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी सल्ला दिलाय, म्हणजे कॉल्पोस्कोपी केली नाही तरी फॉर्मवर हे सांगावंच लागतं. लपवलं आणि उद्या मोठा क्लेम आला तर कंपनी जुने कागद मागवते, क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि भरलेले हप्ते गेले ते गेले. खरं सांगून घेतली तर आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं. एचएसआयएल म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही हो, पण हे बदल तसेच सोडले तर काही जणींमधे पुढे कॅन्सर होतो, त्यामुळे पॉलिसीसाठी ३ वर्षं थांबणं हा पर्यायच नाही. आत्ता सापडलं तर बऱ्याचदा लीपसारख्या (विजेच्या तारेने खराब भाग काढणं) छोट्या प्रोसिजरमधे काम होतं, कॅन्सरच्या उपचाराचा खर्च कुठल्या कुठे जातो.

राहिले दहा हजार. एफडी मोडू नका, त्याच बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) मागा. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, ९% धरलं तरी दहा हजारांवर चार महिन्यांचे ३०० रुपये होतात. तेही जड वाटत असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत चौकशी करा, तिथे खूप कमी पैशात होतं, फक्त तारीख लांबची देत असतील तर त्यासाठी अडून राहू नका.

मिस्टरांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, खरं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. अशा बऱ्याच पॉलिसींमधे आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. नुसती कॉल्पोस्कोपी ओपीडीत होते म्हणून सहसा पैसे मिळत नाहीत, पण पुढे लीप वगैरे करावं लागलं आणि तो क्लेम पास झाला तर ॲडमिट होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसेही मागता येतात, म्हणून बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट सगळं जपून ठेवा. एचआरला आजच मेल टाकायला सांगा, तुमचं नाव त्यात आहे का तेही बघा, पण अपॉइंटमेंट त्या उत्तरासाठी थांबवू नका.