दुधी काचेमागचा दिवा

प्रश्न : ताई, मी नागपुरात मनीषनगरला राहतो आणि इंटिरियरवाल्यांना ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घराचे व्ह्यू करून देतो. सध्या एका टू बीएचकेचं काम सुरू आहे. हॉल आणि देवघर यांच्यामध्ये दुधी काचेचं सरकतं दार आहे, देवघरात दोन छोटे एलईडी स्पॉट. बाकी हॉल स्वच्छ येतो, पण काचेवर आणि तिच्यासमोरच्या फरशीवर दाणेच दाणे, नुसते उजळ-काळे ठिपके. सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडायचे किरण, १०२४ वरून ४०९६ केले, रेंडर (चित्र तयार होणं) सव्वा तासावरून पाच तासांवर गेलं, तरी दाणे आहेतच. दाणे पुसणारा डिनॉइझर लावला की काचेवर डाग उठतात. काचेला रफनेस (खरखरीतपणा) आहे, वर बारीक बंप, म्हणजे खडबडीचा भासही दिलाय. काय करू?

उत्तर : आधी सॅम्पल परत १०२४ वर आणा. सॅम्पल चौपट केले की दाणे फक्त निम्मे होतात. आणखी निम्मे करायचे तर १६३८४ लागतील, म्हणजे तुमच्या मशीनवर वीस तास. नागपूरच्या मे महिन्यात ग्राफिक्स कार्ड वीस तास तापत ठेवावं, असं मी कुणालाच सांगणार नाही.

सॅम्पल कमी पडत नाहीयेत, उजेडाची वाट अडली आहे. ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स फरशीवरच्या प्रत्येक ठिकाणाहून दिव्याकडे एक किरण सोडून बघतं, की मध्ये काही आडवं येतं का. ग्लास शेडर (काचेचं मटेरियल) दिलेली काच या किरणाला भिंतीसारखीच अडवते. मग भरवसा उरतो तो इकडेतिकडे भटकणाऱ्या किरणांवर. त्यातला एखादा काचेतून वाकून नेमका त्या इवल्याशा स्पॉटवर आदळला, तर तेवढा पिक्सेल लख्ख उजळतो आणि शेजारचा काळाच राहतो. दिवा जितका लहान, तितके हे दाणे जास्त.

इतवारीतल्या एका काचेच्या दुकानात मी एकदा दुधी काचेच्या शीटसमोर बराच वेळ उभी राहिले होते. मागे साधा बल्ब होता, पण समोरून बल्ब कुठे आहे ते कळत नव्हतं, अख्खी शीट उजळली होती. दुकानदारानं मागून तळवा टेकवला तेव्हा बोटं न् बोटं दिसली. हात वीतभर मागे घेतला तर नुसती सावली. मी शीटवरून हात फिरवून पाहिला, तर खरखरीत बाजू एकच होती, दुसरी गुळगुळीत. तुमच्या सीनचं उत्तर मला त्या शीटमध्ये दिसतं.

खोलीपुरती ती काचच दिवा झालेली असते. म्हणून दाराच्या मापाचा एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनी दिवा, काचेच्या किंचित पुढे, हॉलकडे तोंड करून ठेवा आणि रे व्हिजिबिलिटीत कॅमेऱ्यापासून लपवा. फरशीला आता दिवा थेट सापडतो आणि उजेडही मऊ पडतो. याच्या जोडीला रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्स, म्हणजे काचेतून वाकून फरशीवर पडणारा उजेड, बंद करायला विसरू नका, नाहीतर देवघरातला तोच उजेड दोनदा मोजला जाईल.

दुसरी वाटही आहे : लाइट पाथ नोडमधला इज शॅडो रे, दोन मटेरियल मिसळणाऱ्या मिक्स शेडरला जोडून सावलीच्या, म्हणजे दिव्याकडे सोडलेल्या, किरणांपुरती काच ट्रान्सपरंट करायची. साध्या काचेच्या खिडकीला मी हेच करते. दुधी काचेला मात्र ते शोभत नाही, कारण उजेड सरळ पार होतो आणि फरशीवर स्पॉटचे कडक काठ उमटतात. तुमच्या दारासाठी पहिलीच वाट धरा.

आता खुद्द काचेवरचे दाणे. तो बंप आधी काढा. पिक्सेलपेक्षा बारीक खडबड प्रत्येक किरणाला वेगळीकडे फेकते, आणि डिनॉइझर तिलाच नक्षी समजून डाग पाडतो. दुधीपणा फक्त रफनेसनं आणा, ०.३ पासून सुरुवात करा. जाडी दिलेली काच असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना रफनेस असेल, तर उजेड दोनदा विखुरतो. दाराची कड कॅमेऱ्यात दिसत नसेल, तर जाडी नसलेला एकच सपाट पडदा ठेवा. किरण किती वाकतो ते ठरवणारा आयओआर मात्र १.४५ च्या आसपासच राहू द्या. १ केलात तर किरण वाकणारच नाही आणि रफनेस कितीही वाढवला तरी काच स्वच्छच दिसेल. शक्य असेल तर मूर्ती आणि समई काचेच्या जवळ सरकवा. काचेपासून वस्तू जितकी लांब, तितका धूसरपणा वाढतो आणि दाणेही वाढतात.

फार लख्ख किरणांना कात्री लावणारा इनडायरेक्ट क्लॅम्प मुळात १० असतो, तो ५ पर्यंत आणायला हरकत नाही. त्याखाली जाताना जपा. एका कामात मी तो १ वर नेला होता. दाणे एका झटक्यात गेले, मी खूश होऊन रेंडर त्या घरी दाखवायला नेलं. सगळ्यांना आवडलं. आजी तेवढ्या स्क्रीनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "देवाजवळ दिवा नाही लावला का बाई?" क्लॅम्पनं दाण्यांबरोबर देवघरातला उजेडही कापला होता, आणि तो फक्त त्यांनाच दिसला. त्या रात्री मी सगळं पुन्हा लावलं.

डिनॉइझर सगळ्यात शेवटी, अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) दोन्ही पास देऊन, त्याच्याच सेटिंगमधला प्रीफिल्टर अ‍ॅक्युरेट ठेवून. त्याआधी कंट्रोल-बीनं फक्त दाराभोवतीचा चौकोन आखून २५६ सॅम्पलवर रेंडर करा आणि फरशीवरचा उजेड नीट बघा. तिथे दाणे उरले असतील तर सॅम्पल वाढवू नका, एरिया लाइट काचेच्या मागे तर राहिला नाही ना, ते तपासा.