बिल्ट-इन इलेक्ट्रॉनिक्स असलेली वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का? आतलं बिघडलं तर दुरुस्त होतं का?

तुम्ही लिहिलंय की ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप (गिटारचा क्षीण आवाज आधीच वाढवणारं सर्किट), ट्यूनर आणि दोन-तीन इफेक्ट बॉडीतच बसवलेली एक गिटार मिळतेय. आवाज आवडलाय, पण मित्र म्हणतो, "आतलं गेलं की गिटार भंगारात." मित्राचं अर्धं बरोबर आहे.

आधी माझ्याबद्दल: माझं दुकान नाही. बँडमधल्या मंडळींच्या गिटारी घरच्या टेबलावर उघडत उघडत शिकलो, त्यातल्या एक-दोन बिघडवल्याही.

साध्या, म्हणजे पॅसिव्ह गिटारच्या पोटात 'इलेक्ट्रॉनिक्स' म्हणावं असं फारसं काही नसतंच. चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तार, म्हणजे पिकअप, नॉबखाली फिरणारे दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर, एक स्विच आणि केबल लावायचा एक जॅक. बाहेरून वीज येत नाही, त्यामुळे काही तापत नाही, काही जळत नाही. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचं झाकण आज उघडलं तरी ज्याला सोल्डर करता येतं त्याला पाच मिनिटांत सगळं कळेल. लोक ज्या टोन कपॅसिटरवर रात्र रात्र वाद घालतात, त्याच्यावर व्होल्टेज इतकं किरकोळ असतं की तो बिचारा मालकाच्या आधी जात नाही.

मग बिघडतं काय? जे हलतं ते. आणि सगळ्यात आधी जॅक.

जॅकचा नट वाजवता वाजवता सैल होतो. मग केबल लावताना अख्खा जॅक जागेवर फिरायला लागतो आणि आतल्या वायरी दोरीसारख्या पिळल्या जातात. इथे बहुतेक लोक पक्कड घेऊन बाहेरून नट आवळतात. नट आवळला जातो खरा, पण त्याच्याबरोबर जॅकही गरागरा फिरतो आणि जी वायर दोन-तीन तंतूंवर लटकत होती ती तुटते. काल खरखर होती, आज आवाजच बंद. चार स्क्रू काढायला लागले तरी चालेल, प्लेट उघडा, जॅक आतून बोटांनी घट्ट धरा, मग नट आवळा. आत दातेरी वॉशर नसेल तर घाला. प्लगच्या टोकाला पकडणारी पत्ती सैल पडली असेल तर जॅक धरून ती अंगठ्याने किंचित आत वाकवा. "प्रीअँप गेलाय" म्हणून माझ्याकडे आलेल्या गिटारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच घरी गेल्या.

बॅटरीच्या गिटारमध्ये हाच जॅक आणखी एक काम करतो. तो स्टिरिओ जॅक असतो. साधी मोनो केबल लावली की तिच्या प्लगची लांब बाही (टोकामागचा धातूचा दांडा) जॅकमधली रिंग नावाची जादा पत्ती आणि ग्राउंड जोडते आणि बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. म्हणजे केबल हाच तुमचा ऑन-ऑफ स्विच. आधीच्या मालकाने जॅक बदलताना साधा मोनो टाकला असेल, तर बॅटरी एक तर कधीच जोडली जात नाही किंवा कायमची जोडलेली राहते. "दर महिन्याला बॅटरी संपते, सर्किट खराब आहे" या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं, नाहीतर केबल रात्रभर लावून ठेवण्याची सवय. हिशेब सोपा आहे. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलीअँपिअर-तास असतात. प्रीअँप अर्धा मिलीअँपिअर खात असेल तर हजार तास, म्हणजे केबल लावून विसरलात तर दीड महिनाही नाही. आतमध्ये डिजिटल इफेक्ट असतील आणि ते ५० मिलीअँपिअर ओढत असतील तर तीच बॅटरी दहा तासही धड टिकणार नाही. तुमच्या गिटारीत इफेक्ट आहेत, तेव्हा हा खर्च धरूनच चाला.

माझी फजिती सांगतो. बँडमधल्या एकाची गिटार सरावात अर्ध्या तासाने गप्प व्हायची, थोड्या वेळाने आपोआप सुरू. मी डोळे मिटून प्रीअँपवर संशय घेतला. बोर्ड बाहेर काढला, सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कंटाळून बॅटरी हातात धरून हलवली, तर आवाज गेला-आला, गेला-आला. बॅटरीच्या टोपीतलं (बॅटरीवर दाबून बसवतात त्या क्लिपमधलं) गोल सॉकेट ढिलं झालं होतं. तो उभा राहून वाजवताना गिटार कलली की बॅटरी आपल्या वजनाने सरकायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि बोर्ड सोडवताना एका चांगल्या जोडाखालची तांब्याची पट्टी मीच उचकटून ठेवली, ती वायरने जोडत बसलो ते वेगळं. तेव्हापासून नियम केला: आधी केबल, मग बॅटरी आणि तिची टोपी, मग जॅक, मग स्विच-पॉट, आणि बोर्डाला सगळ्यात शेवटी हात.

मल्टिमीटर असेल तर पॅसिव्ह गिटार न उघडताच बरंच कळतं. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगवर टोक आणि बाही यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. व्हॉल्यूम पूर्ण ठेवून सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) साधारण ६ किलोओहम, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) ७ ते ९ किंवा थोडं जास्त. स्विच दोन पिकअपच्या मधल्या जागेवर नेला की आकडा जवळपास निम्म्यावर येतो. २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास काहीतरी दिसलं तर तुम्ही फक्त पॉट मोजताय, पिकअपची तार कुठेतरी तुटली आहे. शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट. व्हॉल्यूम अर्ध्यावर आणल्यावर आकडा उलट वाढतो, तो बिघाड नव्हे. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला, मात्र ही चाचणी लागू नाही. तिथे आकडा काहीही येईल आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही. तिथे केबल अँपला लावा, आवाज कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा. जो जिवंत आहे तो अँपमधून उत्तर देतो.

पॉट फिरवताना खरखर येते ती आतल्या कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीमुळे. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी पायांच्या वरच्या फटीत घालून एक छोटा फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. घरात कुरकुरणाऱ्या दारासाठी आणलेला तेलकट स्प्रे इथे नको. दोन आठवड्यांत खरखर परतली तर पट्टी झिजली आहे, पॉट बदला. पण अ‍ॅक्टिव्ह गिटारमध्ये नवा पॉट टाकूनही ती जात नसेल, तर प्रीअँपमधला एखादा कपॅसिटर गळतोय आणि पॉटवर डीसी व्होल्टेज येतंय. अशा वेळी लोक तीन-तीन पॉट बदलतात आणि नवे पॉट बनवणाऱ्याला शिव्या देतात.

पॉट विकत घेताना दांडा बघून घ्या. मेट्रिक दांड्याला १८ दाते, इंच मापाच्याला २४. एकाचा नॉब दुसऱ्यावर बसत नाही, ठोकून बसवला तर फुटतो. बॉडीतलं भोकही वेगळं लागतं.

हम, म्हणजे अँपमधून येणाऱ्या गुणगुणीबद्दल थोडक्यात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर तारांचं ग्राउंड नीट आहे. तारांना लावून फरक नाही पण जॅकच्या धातूला लावून कमी होते, तर ब्रिजखालची (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथली) वायर तुटलेली असू शकते. मात्र ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपवाल्या गिटारीत ती वायर मुद्दाम काढलेली असते, "सापडली, सापडली" म्हणून जोडू नका. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गिटार बाजूला ठेवा. दोष अँपचा किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा आहे आणि तो आपण दोघांनी सोडवायचा नाही.

आता मित्राचं बरोबर असलेलं अर्धं. जॅक, पॉट, स्विच, बॅटरीची टोपी हे कुणाचेही चालतात. पण तुमच्या ट्यूनर-इफेक्टचा बोर्ड त्या एका मॉडेलसाठी बनलेला असतो. कंपनीने ते मॉडेल बंद केलं की बोर्ड मिळत नाही, सर्किटचा नकाशा बहुधा कधीच छापलेला नसतो, काही ठिकाणी तर सगळं काळ्या इपॉक्सीत ओतलेलं. अ‍ॅक्टिव्ह पिकअपही असेच बंद डबे. गेले तर बदलायचे, उघडायचे नाहीत. बदलायला नवे मिळतात म्हणून त्यांची मला भीती वाटत नाही.

गिटारच्या पोटात काहीबाही कोंबायची हौस जुनी आहे. १९६० च्या दशकात वॉक्स कंपनीने गिटारमध्ये चक्क ऑर्गन घातला होता. प्रत्येक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सहा तुकड्यांत कापून एकेका तुकड्याला वायर जोडलेली, तार टेकली की ऑर्गनचा सूर. कल्पना वेडी आणि देखणी, पण भरवशाची म्हणून त्या गिटारीचं नाव कुणी घेत नाही. त्याउलट २००७ मध्ये गिब्सनने मोटारीने स्वतःच सूर लावणारी गिटार आणली आणि २०१५ मध्ये तसली यंत्रणा बहुतेक मॉडेलांवर चढवली. वादकांनी नाकं मुरडली, पण नुकसान कुणाचं झालं नाही, कारण ती काढून साध्या खुंट्या बसवता येत होत्या.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण लाइन ६ या कंपनीच्या व्हॅरिअ‍ॅक्सचं वाटतं. तिच्या पहिल्या मॉडेलांत चुंबकी पिकअपच नव्हते. ब्रिजमधले पिझो (तारेची कंपनं दाबावरून टिपणारे सेन्सर) आणि पुढे सगळा खेळ बोर्डाचा. बोर्ड गेला की हातात लाकूड. पुढच्या जेम्स टायलर मालिकेत त्यांनी नेहमीचे पिकअपही दिले, आणि ते बॅटरीशिवाय वाजतात. मी असतो तर जुन्या बाजारात पहिली घेतली नसती, दुसरी डोळे झाकून घेतली असती.

तेव्हा बघायला जाल तेव्हा विक्रेत्यासमोर बॅटरी काढा आणि गिटार वाजते का ते ऐका. बारीक, मंद का होईना, वाजली तर बोर्ड मेल्यावरही ती गिटार राहील. अजिबात वाजली नाही तर मागची प्लेट उघडायला सांगा. पिकअपच्या वायरी सरळ सोल्डर केलेल्या किंवा नेहमीच्या प्लगमध्ये असतील आणि खोबणीत दोन पूर्ण मापाचे, २४ मिमीचे पॉट मावतील इतकी जागा असेल, तर उद्या बोर्ड काढून साधी वायरिंग करता येते. फक्त पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील तर बॅटरी राहील आणि पॉट २५ किलोओहमचे लागतील, २५० चे नव्हे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी असेल तर किंमत पाडून मागा. टोपी बदलणं सोपं, पण बॅटरीतून गळलेलं पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर नाही.

प्लेट उघडू द्यायला तो तयार नसेल तर गिटार परत द्या. आणि घेतलीत, तर पहिली वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन बाजूंनी. रंग लक्षात राहतील असं वाटतं, राहत नाहीत.